हळदीचा चातक

सुरतेच्या लिंबायतमध्ये शकूचं घर शोधायचं असेल तर साडीचं नाव काढू नका, पाखराचं काढा. साड्या काय, त्या गल्लीत दर तिसऱ्या उंबऱ्यावर बाया मांडीवर घेऊन बसलेल्या असतात. मशीनवर भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला शेकडो धागे लोंबतात. ते एकेक करून कापायचे, तेव्हा कुठे ती साडी दुकानात नवरीसारखी मिरवते. शकू बत्तीस वर्षं ते धागे कापतेय. अमळनेरकडून लग्न होऊन आली, नवरा सोमा लूमवर आणि ही उंबऱ्यावर. सोमा गेला. चिमट्यासारखी ती छोटी कातर मात्र शकूच्या बोटात आहे ती आहेच. सुटा धागा दिसला की तिचं डोकं विचार करायच्या आत बोटं कापून मोकळी होतात.

पाखरांचा नाद उत्तरायणाने, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनी लावला. एका जानेवारीत पिंपळावर मांज्यात अडकलेलं घुबड उलटं लटकत होतं आणि खाली दहा-बारा बाप्ये मोबाईल वर करून उभे. शकूने शिडी मागवली, पदर खोचला आणि चढता चढता त्यांना ऐकवलं, "फोटोनं सुटणार आहे का रे ते? बाजूला व्हा, मुडद्यांनो!" साडीचा धागा कापावा तसा तिने मांजा कापला. पंखाला हळद-तेल लावलं. घुबड दोन दिवस पाण्याच्या पिंपाआड बसलं आणि तिसऱ्या दिवशी उडून गेलं.

तेव्हापासून वीस वर्षं झाली. रद्दीतून आणलेल्या गुजराती पुस्तकावरून ती पाखरं शिकली आणि पाखरांवरून गुजराती अक्षरं. कोणी तिला म्हणालं, की चातक बिचारा ढगातल्या थेंबावर जगतो, तर ती उसळते. "कोणी पाहिलं? खाडीकाठच्या केसाळ अळ्या खातो तो. सातभाईच्या घरट्यात अंडं टाकतो आणि निवांत हिंडतो. बिचारा म्हणे!"

मांजा काही जानेवारीपुरता नसतो. पतंग संपतात, दोरा झाडांवर वर्षभर लोंबत राहतो. म्हणून दर रविवारी शकू आकडा लावलेला बांबू घेऊन भेस्तानच्या खाडीकाठी बाभळी साफ करायला जाते. काढलेला मांजा गच्चीवरच्या खिळ्याला टांगते आणि गुच्छा मोठा झाला की पेटवून देते.

सप्टेंबरातल्या तशाच एका रविवारी तिला बाभळीला उलटा लटकलेला चातक दिसला. काळी पाठ, पांढरं पोट, डोक्यावर तुरा. पाठीमागून निघालेल्या एका बारीक तारेला मांज्याचा पीळ बसलेला. मांड्यांभोवतीही दोरा, पाठीवर नखाएवढा काळा डबा. उत्तरायणात रात्री दिव्याचे पतंग उडतात, त्यांच्या दोरीला असलेच डबे असतात. शकूने मनात पतंगवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. बोटं चालली. तार, दोरा, डबा, सगळं खाली. पंखाखाली खरचटलं होतं, तिथे तिने कमरेच्या पुडीतली हळद लावली. पांढरं पोट पिवळंधमक झालं. डाव्या पायात धातूची कडी होती, ती तशीच राहिली. कडी म्हणजे धागा नव्हे, तिच्याकडे बोटांचं लक्षच गेलं नाही. चातक उडाला आणि डबा मांज्यासकट गच्चीवरच्या खिळ्याला गेला.

गुरुवारी दारात दोघं उभे राहिले. एक जंगलखात्याचा गार्ड भूपेंद्र. हा ओळखीचा. जखमी कबुतर मिळालं की खोक्यात घालून शकूकडेच आणायचा. दुसरा तिशीतला, दाढीवाला, गळ्यात दुर्बीण.

"ताई, मी नितीन. पुण्याहून आलोय. तुमच्या गल्लीत आमचा एक पक्षी आहे."

"या गल्लीत माणसाला जागा नाही, भाऊ. पक्षी कुठून ठेवू?"

नितीनने मोबाईलवर फोटो दाखवला. चातक. त्याच्या पाठीवर नखाएवढा काळा डबा, मागे बारीक तार. "हे यंत्र उन्हावर चालतं. पक्षी कुठे आहे ते उपग्रहाला सांगतं. चार दिवस झाले, ते तुमच्या घराच्या आसपासून हललेलं नाही."

शकू आत वळून ओरडली, "विशाखा, मना चष्मा लई ये!"

लेक चष्मा घेऊन आली. शकूने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग गच्चीवर गेली, गुच्छा काढून आणला आणि नितीनच्या हातात दिला. मांज्याच्या जाळीत काळा डबा बसलेला होता.

"हे मी कापलं," ती म्हणाली.

विशाखाने तिचा दंड धरला. "मम्मी, चूप रहे ने!"

"चूप कशाला? चोरी केली का?"

नितीन उंबऱ्यावरच बसला, साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी. "ताई, नऊ चातकांना आम्ही ही यंत्रं बांधली. समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला आणि परत आला असा हा एकच. कुठून जातो, कुठे थांबतो, ते पहिल्यांदा कळत होतं. आता पंधरवड्यात तो पुन्हा निघाला असता." त्याचा आवाज चढला. "पाठीवर इतकं नीट बसवलेलं यंत्र आणि तुम्हाला मांजा वाटला?"

"नीट?" शकूही चढली. तिने गुच्छ्यातला एक पीळ ओढून त्याच्या नाकासमोर धरला. तुटकी तार आणि मांजा एकमेकांत असे आवळलेले, की सुईने सुटले नसते. "तुझी ही तार बाभळीच्या मांज्यात गुंतली होती. उलटं टांगलेलं होतं ते. तासाभरात मेलं असतं, मग बसला असता आफ्रिका बघत! डबा कापला ही माझी चूक, ती माझ्या नावावर घाल. पण पाखरू जित्तं शे."

भूपेंद्रने पंचनाम्याचा कागद काढला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "मासी, लखवुं तो पडे, लिहावं तर लागेल. यंत्र घरातून मिळालं, पक्षी नाही. पक्षी मेला असंच साहेब धरणार. मग जानेवारीत जखमी पाखरांच्या कॅम्पात तमने पाखराला हात लावू देणार नाहीत."

वीस वर्षांत शकूला कुणी पगार दिला नाही, कागद दिला नाही. जानेवारीत गल्लीतली पोरं रक्ताळलेलं कबुतर घेऊन 'शकूमावशी' म्हणत धावत येतात, एवढीच तिची कमाई. तीच आता भूपेंद्रच्या पेनाच्या टोकावर आली होती.

"लिही," ती म्हणाली. "पण आधी बघ आणि मग लिही. रिक्षा बोलाव."

"ताई, खाडीकाठी चातक दहा असतील," नितीन म्हणाला. "त्यातला आपला कोणता, कसं ओळखणार? यंत्र तर निघालं."

"पिवळा तो आपला."

"चातक पिवळा नसतो."

"माझा असतो. चल तू."

भेस्तानला उतरून ते रुळांच्या बाजूने खाडीकाठी गेले. शकू पुढे, हातात बांबू. सातभाईंचा कलकलाट ऐकू आला तशी ती थांबली. लूमच्या शेजारी संसार केलेली बाई ती. शंभर मागांच्या खडखडाटात कोणता माग अडला ते बसल्या जागी सांगायची. त्या कलकलाटातून तिने एक धातूसारखी किणकिण वेगळी काढली आणि बोट दाखवलं. पहिला चातक पांढरा. दुसरा पांढरा. भूपेंद्र घड्याळ बघायला लागला. शकूने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मनगट खिशात घातलं.

अर्ध्या तासाने पलीकडच्या बाभळीवर एक चातक येऊन बसला. चोचीत केसाळ अळी. ती फांदीवर आपटायला त्याने अंग फिरवलं आणि पोट दिसलं. हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखं.

नितीनने दुर्बीण लावली. मग धडाधड फोटो काढले आणि त्यातला एक मोठा केला. डाव्या पायात कडी, कडीवर आकडे. त्याने वहीतले आकडे वाचले, पुन्हा कडीवरचे वाचले. "चारशे सतरा," तो हळूच म्हणाला. "ताई, हाच."

"मग? मेलेलं पाखरू जेवतंय वाटतं."

भूपेंद्रने कागदाची घडी करून खिशात टाकली. "मासी, मने तो खबरज हती, मला ठाऊकच होतं."

"हो, म्हणून तर पेन काढलं होतंस!"

दुसऱ्याच दिवशी नितीनचे दोन साथीदार जाळं घेऊन आले. शनिवारी सकाळी चातक जाळ्यात आला. डब्याला नवी तार जोडून तयार होती. पण शकू पाखरू हातात घेऊन बसली ती देईना.

"ज्याने लटकलं तेच पुन्हा बांधणार?"

"ताई, ते बांधलं नाही तर तो कुठे जातो ते कधीच कळणार नाही. कळलंच नाही तर त्याच्या वाटेवरची जागा वाचवायची कशी?"

तिला ते पटलं, पण अर्धंच. तिने डब्याची दोरी बोटांत घासून पाहिली. "ही कधी तुटायची नाही. अडकलं की पाखरू मरेल, दोरी नाही. मधे एक टाका सुती घाल. दोन-तीन पावसाळ्यांत कुजेल, डबा आपोआप गळेल. आणि झटका बसला तर तोच टाका आधी तुटेल."

नितीन साथीदारांकडे बघायला लागला. एकजण म्हणाला, "तसं करतात काही जण. आपण केलं नव्हतं."

"मग आता करा. सुई द्या इकडे."

टाका शकूने घातला. धाग्याचं उरलेलं टोक तिने स्वतःच कातरलं आणि कातर लगेच पदरात बांधली, बोटांवर तिचा भरवसा नव्हता. हात उघडला तसा चातक पिवळं पोट दाखवत खाडीपार गेला.

त्या रविवारपासून बाभळी साफ करायला भूपेंद्रही बांबू घेऊन येऊ लागला. त्याच्या आकड्याला मांजा कमी आणि काटे जास्त लागतात, असं शकू त्याच्या तोंडावर सांगते.

ऑक्टोबरात एका दुपारी विशाखा मोबाईल घेऊन उंबऱ्यावर आली. नितीनने नकाशा पाठवला होता. सुरतेपासून निघालेली लाल रेघ निळा समुद्र कापत सरळ पलीकडे टेकली होती.

"मम्मी, जो! पोहोचला. सोमालिया."

शकूने मांडीवरची साडी बाजूला केली नाही. रेघेवरून बोट फिरवलं, पार शेवटपर्यंत.

"तिथले लोक पतंग उडवतात का गं?"

"मने शुं खबर?"

"मग विचार त्या नितीनला," शकू म्हणाली आणि पुढचा धागा कापला.