चाचांची फिशआय लेन्स

रस्त्यानं चालताना फोटोचाचा मान सतत डावीउजवीकडे फिरवत, टेबलफॅनसारखी. माजलगावच्या बाजारात सगळ्यांना वाटायचं, माणूस फार अगत्याचा आहे, दोन्ही बाजूंच्या दुकानांतला कुणाचाही सलाम चुकवत नाही. आमच्या किराणा दुकानासमोर आले की बाबा काउंटरमागून ओरडत, "चाचा, पंखा बंद करा, चहा घ्या!" चाचा हसत आत येत आणि पायरीला हमखास ठेचकाळत.

त्यांच्या स्टुडिओत मी लग्नाचे अल्बम तयार करायचं काम करत होते. लॅपटॉपवरच्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून तर ते धरलं होतं. चाचांना माझ्या गप्प बसण्याची गंमत वाटे. "काय बेटा, तुमच्या इंग्लिश शाळेत बोललं की छडी बसत व्हती का?" असं गिऱ्हाइकांसमोर विचारत. मी मान खाली घालून माउस हलवत राही.

चाचांचा जीव त्यांच्या फिशआय लेन्सवर होता. तिची पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली. लहानशा खोलीत डोहाळजेवण असलं, तरी ओटी भरणाऱ्या बायकांपासून दारातल्या चपलांपर्यंत सगळं एका फोटोत यायचं. कधीकधी चाचांचे स्वतःचे बूटही यायचे, म्हणून ते पोट आत ओढून, पाय मागे घेऊन उभे राहत. "कोणी सुटायला नको," असं म्हणत आणि मगच बटण दाबत. फोटोत आपण नाही म्हणून आत्याबाई रुसल्या, असं चाचांनी काढलेल्या लग्नात कधी झालं नाही.

रुसायला दुसरं कारण मात्र मिळे. त्या लेन्समध्ये मधला माणूस सरळ येतो, कडेचा ताणला जातो, वाकतो. साखर कारखान्यातले एक साहेब स्टेजच्या टोकाला उभे राहिले आणि फोटोत त्यांचं डोकं दुधीभोपळ्यासारखं लांबलं. ते अल्बम घेऊनच स्टुडिओत आले.

"कावून केलं हो असं? मी काय तुमचं वाकडं केलं व्हतं?"

"साहेब, तुमी मधी यायचं ना. कडेला मानूस लई पसरतं."

"मधी नवरदेव व्हता!"

"मंग त्यो बघा, कसा सरळ आलाय."

साहेबांना मी लॅपटॉपवर सरळ करून दिलं. पण वाकलेलं सरळ करायचं तर फोटोच्या कडा कापाव्या लागतात. साहेबांची मावशी त्यात गेली. चाचा दिवसभर हळहळत होते, साहेबांसाठी नाही, मावशीसाठी.

चाचांनी साध्या लेन्सनं काढलेले फोटोही माझ्याकडेच यायचे. त्यांत नवरीची आई अर्धीच असे. मंगळाष्टकं म्हणणारे गुरुजी नसतच. आधी मला ती घाई वाटली. मग लक्षात आलं, चुकतं ते नेहमी बाजूचं. फिशआयच्या फोटोंत तेवढं काहीच सुटत नव्हतं. एकदा मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. चाचा समोर चाचपडत राहिले. मी कप उचलून समोर आणला. दोघांनाही कळलं.

"समोरचं दिसतं बेटा," चाचा म्हणाले. "बाजूचं गेलं. काचबिंदू हाय. गेलेलं परत येत न्हाई, असं औरंगाबादचे डॉक्टर म्हणले. बाजारात बोलू नको. आन् रुबीनाला तर अजिबात न्हाई."

रुबीना त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती लहान असतानाच वारली होती. तिचं लग्न कडा गावच्या मुलाशी ठरलेलं. "तिला कळलं तर निकाह मोडून बसंल इथंच माझं भात-कालवण करत. तेवढं एक लग्न माझ्या हातानं निघू दे. मंग आल्ला बघून घेईल," चाचा म्हणाले. मी कुणाला काही सांगितलं नाही. न बोलणं मला जमतं.

त्या उन्हाळ्यात तलवाड्याच्या एका लग्नात चाचा स्टेजवरून पडले. फिशआयनं चेहरा मोठा हवा असेल तर माणसाच्या अगदी जवळ जावं लागतं, नाहीतर सगळी दुनिया लांब पळते. नवरा-नवरीजवळ जाताना त्यांना स्टेजची कड दिसली नाही. मनगट सुजलं, लेन्स वाचली. पण त्यानंतर चाचा कुणाच्या जवळ जाईनात.

रुबीनाच्या लग्नात सगळे फोटो चाचांनीच काढले. पाठवणीच्या वेळी ते घराच्या पायरीवर उभे होते, मी त्यांच्या मागे. खाली सगळी गल्ली जमलेली. गाडीत बसण्याआधी रुबीनानं ओढणी मागे सारली आणि वडिलांकडे पाहिलं. चाचांनी बटण दाबलं.

दोन-तीन दिवसांनी तो फोटो मी स्क्रीनवर उघडला. दोन्हीकडचे पाहुणे, गच्चीवरची पोरं, बाजेला बांधलेली शेळी, कोणी सुटलं नव्हतं. बरोबर मध्यभागी रुबीना होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. मोठं करावं तर नुसते चौकोन. चाचा स्क्रीनला नाक लावून, मान डावीउजवीकडे फिरवत बसले होते. एव्हाना समोरचंही धूसर झालं होतं.

"डोळे दिसतात का तिचे?"

हो म्हणता आलं असतं. पण मग चाचांनी आणखी विचारलं असतं.

"नाही चाचा. लांबून काढलाय."

"पडायची भीती वाटली बेटा." पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये रुबीनाचे ढीगभर फोटो होते. पण वडिलांकडे पाहतानाचा तिचा चेहरा त्यांतल्या एकाही फोटोत नव्हता. "ती कॅमेऱ्याकडं बघत व्हती का माझ्याकडं?"

"तुमच्याकडे."

"तू मागंच उभी व्हतीस. नीट सांग."

मी सांगितलं. काजळ गालावर उतरलं होतं. ती हसत होती आणि हनुवटी थरथरत होती. मग जे सांगावं की नाही कळत नव्हतं, तेही सांगितलं. "गाडीचं दार तुमच्या डाव्या बाजूला होतं. ती तिथंच उभी होती. तिथून तुम्हाला दिसणार नाही म्हणून ती बायकांना बाजूला सारत तुमच्या अगदी समोर आली. मग तिनं ओढणी मागे सारली."

चाचांची मान फिरायची थांबली.

"म्हंजे पोरीला ठावं व्हतं," ते म्हणाले. "ठावं असून गेली."

मला म्हणायचं होतं, तुम्हाला तिचं लग्न बघायचं होतं, तुमच्यासाठीच गेली. शब्द जुळवेपर्यंत ते उठले होते. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि मला स्टुडिओचं शटर ओढायला सांगितलं. दुपारची वेळ होती. बाहेर बाजार भरात होता.