चाचांचा मीटर

मीटर लावून पाहिल्याशिवाय जगातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास न ठेवणारा माणूस रिसोडात एकच आहे, आणि तो म्हणजे गाड्यांना टेप बसवून देणारे आमचे चाचा. घड्याळाचा नवा सेलसुद्धा ते दुकानाच्या पायरीवर मोजतात आणि दीड व्होल्ट भरला नाही तर तिथूनच परत करतात. मुलाच्या वरातीत जीपचे दिवे त्यांना मंद वाटले. नवरदेव पुढे गेला, वऱ्हाड पुढे गेलं, आणि नवरदेवाचा बाप बॉनेटखाली डोकं घालून ओरडत राहिला, "साडेअकरा! हे काय बॅटरी हाय?"

मीही आकड्यांचा माणूस. गाडीच्या मायलेजची वही मी अकरा वर्षं ठेवली आहे. त्यामुळे आमचं जमलं ते एका हिशोबावरूनच. माझ्या गाडीचं इंजिन चालू असताना मीटर बॅटरीच्या जाड वायरीवर चौदा व्होल्ट दाखवत होता, आणि टेपमधून अ‍ॅम्प्लिफायरला जाणाऱ्या बारीक वायरीवर जेमतेम दोन. मी विचारलं, "चाचा, गाडी चौदा देऊन राह्यली, मग हे दोनच काहून? बाकीचे बारा कुठं गेले?" चाचा इतके हसले की बशीतला चहा सांडला. "भाऊ, हे वजाबाकी नाही. चौदा म्हणजे ताकद. तिले गाणं-बिणं काही समजत नाही. गाणं हे दोनात हाय. अ‍ॅम्प्लिफायर दोनाचं ऐकते अन् चौदाच्या जोरावर मोठ्यानं सांगते." मग एका जीपवाल्याने आवाज वाढावा म्हणून बारीक वायरीला थेट बॅटरी जोडून नवा अ‍ॅम्प्लिफायर जाळला, ती गोष्ट. ती ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. "गाण्याच्या तोंडात बॅटरी कोंबली लेकानं!"

जाड वायर गाडीच्या डाव्या अंगाने, बारीक उजव्या. दोघी शेजारी आल्या की इंजिनाची शिट्टी गाण्यात शिरते, हा त्यांचा कायदा. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज ठरवणारा स्क्रू ते गाणं लावून फिरवत नाहीत. एकसुरी घूं आवाज लावतात, मीटरवर ठरलेला आकडा आला की थांबतात आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका देतात, म्हणजे कोणी हात लावला तर कळावं. ही काटेकोरपणाची हद्द आहे, असं मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

गेल्या हिवाळ्यात माझ्याच गाडीत शिट्टी येऊ लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. चाचांनी सगळं मोजलं. "आकडे बरोबर हायेत, भाऊ."

"आकडे बरोबर हायेत, पण शिट्टी येऊन राह्यली."

त्यांनी स्पीकरला कान लावला, डोळे मिटले. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. शिट्टी इतकी स्वच्छ होती की मला दात आंबल्यासारखं झालं. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "आताही येते?"

"हो."

बाकावर एक जीपवाला बसला होता. त्याच्याकडे पाहून चाचा हळू बोलले, "बारीक आवाज दोन वर्सांपासून येत नाही मले. लोकाइले समजलं तर कोण गाडी लावन इथं?"

नेलपॉलिशचे ते सगळे ठिपके माझ्या डोळ्यांपुढे आले.

चाचांनी अर्थिंगचा बोल्ट सोडला, तार पत्र्याला नीट टेकावी म्हणून खालचा रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला आणि खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. शिट्टी गेली होती. मी मान हलवली. बाकावरून जीपवाल्याने विचारलं, "काय झालं हो चाचा?" उत्तर मीच दिलं, "काही नाही, आकडे पाहून राह्यलो." ते खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

तेव्हापासून रविवारी मी दुकानावर असतो. "हे भाऊ फायनल चेकिंगले हायेत," अशी ते माझी ओळख करून देतात. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणून मी सहा वेळा सांगितलं. सहाही वेळा "पाहू" म्हणाले.

परवा एका नव्या गाडीत मी असाच बसलो होतो. इंजिन चालू, गाणं चालू, शिट्टी नाही. चाचांच्या हातात मीटर होता, त्यावर आकडाही बरोबर असणार. पण ते मीटरकडे पाहत नव्हते. काचेतून माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी मान हलवली, तेव्हा कुठे त्यांनी नेलपॉलिशचं झाकण उघडलं.