रिकाम्या पोटाचा तास

दह्याने बरा न होणारा आजार अजून जन्माला यायचा आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या लालबागमध्ये एकच होता आणि तो आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. चाळीत सगळे त्यांना ताकवाले काका म्हणत. आधी ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. संप सुरू झाला आणि तीस वर्षं साचे सांभाळलेले ते हात एकाएकी रिकामे झाले. काहींनी पत्त्यांचा डाव मांडला, काहींनी गाव गाठलं. काकांनी विरजण लावलं. कोकणातून येताना एसटीत विरजणाचं मडकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि ते खाली ठेवायला सांगणाऱ्या कंडक्टरला, "अरे, जिवंत हा ता!" असं इतक्या मोठ्याने बजावलं की मागच्या बाईने पाय वर घेतले. विरजण लावलं की खोलीत कुणी जोरात बोलायचं नाही. मडक्यावर काकींची जुनी शाल. सर्दी, केस गळणं, सासूचा जाच, सगळ्यावर उतारा एकच, पेलाभर ताक. मी कारकुनीच्या परीक्षेला एकदा आपटलो तेव्हाही त्यांनी माझ्या आईला, पोराचं पोट साफ नसेल, असं सांगितलं होतं.

घर मात्र काकींच्या खानावळीवर चालायचं. संपात निम्मे जेवणारे गावी गेले, तरी उरलेल्या सात-आठ जणांना काकी दोन्ही वेळेला गरम जेवू घालत. मग हळूहळू काकी मंदावल्या. चेहरा सुजला, आवाज जड झाला, पोळपाटासमोर बसल्या बसल्या डोळा लागायचा. मी तेव्हा नुकता कारकून झालो होतो आणि इंग्रजी वाचता येतं म्हणून दवाखान्यात त्यांच्यासोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, "थायरॉईड आहे. यांचं शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटलंय."

काकांनी मान हलवली. "म्हणजे संपच की! मग मागण्या काय असत तिच्या?"

डॉक्टर हसले, काकीही हसल्या. चिठ्ठीवर लिहिलेलं मी वाचून दाखवलं : रोज सकाळी एक गोळी, रिकाम्या पोटी. काकांना ते पटेना. "रिकाम्या पोटार औषध? पोट जळात तिचा!" मी एकदा सांगून पाहिलं, मग गप्प बसलो. थोरल्या माणसाशी किती वाद घालायचा, असं तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवसापासून काका पहाटे उठून ताक घुसळू लागले आणि पेलाभर घट्ट ताकाबरोबर ती गोळी काकींना प्रेमाने देऊ लागले. एक दिवस चुकला नाही.

काकींना उतार पडेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली. काकांनी ताक वाढवलं. काकींच्या हातून भात करपायला लागला, आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. जेवणारे बिचारे काही बोलत नसत, पण एकेक जण दुसरीकडे जेवायला जाऊ लागला. शेवटचा गेला त्या दिवशी काकींनी मोठी पातेली घासून माळ्यावर टाकली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्यांना रडायचीही ताकद नव्हती.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशाबरोबर घेता?" काकांनी अभिमानाने सांगितलं, वर सगळ्या चाळीला ताक-दही फुकट वाटतो हेही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ताक वाईट नाही हो. दुपारी खुशाल द्या. पण दूधदुभतं बरोबर गेलं की ही गोळी अंगी लागत नाही. नुसतं पाणी, मग तासभर काही नाही. आणि ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, त्यांना तर हे विरजणाचं घरगुती काही डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊच नका."

परतताना काका एका दुकानाच्या पायरीवर बसले. "माझ्याच हातान झाला ह्यां," म्हणाले. चिठ्ठी वाचून दाखवणारा मी होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्याच संध्याकाळी ते तळमजल्यावरच्या बाईंकडे गेले. त्यांना सांधेदुखीसाठी तसलीच औषधं चालू होती. त्यांच्या हातातलं दह्याचं वाडगं काकांनी अक्षरशः हिसकावून घेतलं. "आधी डॉक्टराक इचार, मगे खा!" मग दारोदार हेच. फुकट ताक वाटणारा माणूस ते परत मागत फिरतोय, याची चाळीने पुष्कळ चेष्टा केली.

काकी दोन-तीन महिन्यांत बऱ्याच सुधारल्या. पण तोवर जेवायला येणारे पांगले होते आणि गिरणीचं बोलावणं काही येत नव्हतं. दोघं गावी निघून गेली.

काका गेल्याचं कळलं तेव्हा काही वर्षं लोटली होती. मी भेटायला गेलो, रात्री तिथेच राहिलो. सकाळी काकींनी पाण्याबरोबर गोळी घेतली आणि पडवीत येऊन बसल्या.

"गोळी घेतल्यावर तासभर हे माझ्याजवळ बसान रवत," त्या म्हणाल्या, "मी चुकान चाय पिऊ नये म्हणान. मुंबयत ह्यांची गिरणीतली पाळी, माझी खानावळ. तीस वर्सां बोलाक वेळ खंय होतो? जा काय बोललो ता ह्या तासात."

मी त्यांच्या शेजारी सरकून बसलो.

"आता तास सरणा नाय रे," काकी म्हणाल्या आणि अंगणाकडे बघत राहिल्या.