तिन्ही साक्षी जुळल्या तेव्हा

मुक्ता, तू शिक्षणात संशोधन करणार असं कळवलंस आणि चिन्मय, तू विचारलंस की आजी नोकरीत नक्की काय करायची. दोन्हींचं उत्तर एकाच बाईंपाशी आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

शिक्षण खात्याच्या संशोधन विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या त्या बाईंइतका संशयी प्राणी सबंध पुण्यात झाला नसेल. आणि पुण्यात ही स्पर्धा सोपी नाही. चहात साखर आहे का हे त्या आधी कँटीनवाल्याला विचारत, मग मला, आणि तरीही घोट भीतभीतच घेत. यजमानांना ताप आला तर त्यांना विचारत, थर्मामीटर लावत, शिवाय भजी तळल्याचा वास आल्यावर ते उठून बसतात का तेही पाहत. "चौकशी संपली असेल तर औषध द्या," असं ते एकदा माझ्यादेखत म्हणाले. एक सिद्धान्त म्हणे मूल घरात घडतं, दुसरा म्हणे शाळेत. बाई दोघांनाही शेजारी बसवून उलटतपासणी घेत.

कसबा पेठेतल्या एका शाळेला एका मुलीचं नाव काढून टाकायचं होतं. त्यासाठी आमचा अहवाल हवा होता. शिक्षिका म्हणाल्या, मुलगी मंद आहे. आईही तेच म्हणाली. मुलगी म्हणाली, "मला काही येत नाही." वर्गात बसून पाहिलं, तर ती गप्प. सगळं जुळलं, म्हणून मी अहवाल नीट टाइप करून सहीसाठी पुढे केला.

"तिघींचं इतकं जमतं?" बाई म्हणाल्या. "माझं सख्ख्या बहिणीशी जमत नाही!"

त्यांनी आईला गाठलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" "शाळेतल्या बाईंनी." मुलीला विचारलं. "आईनं."

"अहो, साक्ष एकच आहे. तोंडं तेवढी तीन!"

मग त्यांनी वह्या मागवल्या. मी त्यांतले फक्त गुण पाहिले होते. फळ्यावरून उतरवलेलं सगळं अचूक. श्रुतलेखनाची पानं कोरी. तेवढ्यानं समाधान होईल तर त्या बाई कसल्या! आम्ही तांबट आळीत मुलीच्या घरी गेलो. बाहेर तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक इतकी, की सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत होते, आणि सगळ्यांत जास्त बडबड हीच मुलगी करत होती. बाईंनी तिला आतल्या शांत खोलीत नेलं आणि समोर बसून गणित घातलं. उत्तर ताबडतोब आलं. मग पदर तोंडापुढे धरून त्याच आवाजात दुसरं घातलं. मुलगी नुसती पदराकडे पाहत राहिली.

तिला ऐकू कमी येत होतं. वर्गात ती शेवटच्या बाकावर होती आणि शिक्षिका फळ्याकडे तोंड करून बोलत. आम्ही विभागात परतलो. अहवाल मी माझ्याच हातानं फाडला. व्यवस्थितपणाचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमची टिपणं विभागानं रद्दीत घातली. ती मुलगी पहिल्या बाकावर बसून मॅट्रिक झाली, आणि तिचा शाळेच्या गणवेशातला फोटो बाईंच्या घरच्या भिंतीवर अजून आहे.