हात दाखवणारी

लग्नात माझ्या हातांत काय काय भरलं होतं ते आता नीट आठवत नाही, पण त्यातल्या उजव्या हाताला पुढे नोकरी लागली, हे पक्कं आठवतं. पगार नव्हता. काम एकच, फटफटीच्या मागच्या सीटवर बसायचं आणि वळण आलं की हात बाहेर काढायचा.

माझे यजमान गुरांचे डॉक्टर. साठ-बासष्टचा सुमार असेल, आम्ही तेव्हा अमरावतीला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. घरात आम्ही दोघंच. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या दोन्हीकडच्या घरांत जी पोरं शिकून नोकरीला लागली, त्यांत फटफटीवर फिरणारे हे पहिले. त्यांची गाडी गावात शिरली की म्हातारेसुद्धा ओट्यावरून उठून उभे राहत. त्यांना त्याचा संकोच वाटे, मला वाटत नसे.

गाडी होती लढाईतली. सैन्याने लिलावात काढलेली, कुणीतरी वरून काळा रंग मारलेली. जिथे रंग उडाला तिथे आतला हिरवा दिसे. आवाज असा की चांदूर बाजारच्या वाटेवरची गुरं ती दिसायच्या आधीच दावं ताणू लागत. एका गुराच्या डॉक्टरने असल्या गाडीवरून हिंडावं हा विनोदच होता, पण तो त्यांना कधी समजला नाही.

मग नांदगाव खंडेश्वरकडे एका गोऱ्ह्याने त्यांच्या उजव्या खांद्याला शिंग मारलं. हाड सांधलं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना, की बाजूला पसरेना. हँडल धरता येई, मूठ पिळता येई, सुई टोचता येई. फक्त इशारा देता येईना. त्या काळी गाडीला वळणाचे दिवे कुठले? इशारा म्हणजे उजवा हात. सरळ काढला की उजवीकडे, गोल फिरवला की डावीकडे. डावा हात सोडावा तर दुखऱ्या उजव्यावर ती अवजड गाडी सांभाळवत नसे. दोनदा कापसाच्या बैलबंड्यांवर आदळता आदळता वाचले, तेव्हा मी म्हटलं, "मी बसतो ना मागं. माहा हात धड हाय."

माहेरी आम्ही सगळ्या बहिणी अशाच बोलायचो, येतो, जातो, बसतो.

पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहाने हात काढला आणि समोरून येणारी एसटी करकचून थांबली. कंडक्टरने दार उघडलं. "बसा बाई लवकर!" मी फटफटीवर, माझे यजमान फटफटीवर, आणि कंडक्टर आम्हाला बसमध्ये बोलावतोय. बसायचं नाही म्हटल्यावर त्याने जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हे मान खाली घालून गाडी पुढे काढत राहिले आणि मी मागे हसून हसून पडायच्या बेतात.

पण हळूहळू माझा हात रस्त्याला ओळखीचा झाला. बंडी हाकणारे धुरकरी तो पाहून बैल आवरू लागले. "डाक्तरीणबाईचा हात निंगाला, थांब रे!" अशी आरोळी मी स्वतः ऐकली आहे. आणि मला त्या सीटवर बसून केवढं तरी जग दिसलं! चांदूर बाजारचा गुरांचा बाजार, संत्र्यांचे बगीचे, काळ्या रानात कापूस वेचणाऱ्या बायांची रांग. हे गोठ्यात शिरले की मी ओसरीवर. कुणी चहा आणे, कुणी लेकीचं गाऱ्हाणं सांगे. मला घराबाहेर एवढं आवडतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. आईबापांनी जपून वाढवलेल्या मुलीला ते कळणार तरी कसं?

एक दिवस यांच्या वरिष्ठ साहेबांनी आम्हाला अमरावतीच्या चौकात पाहिलं. दुसऱ्या दिवशी यांना बोलावून घेतलं. साहेब पुण्याकडचे, बोलणं तुपात घोळलेलं. म्हणाले, "डॉक्टर, हा सरकारी दौरा आहे की वरात? इशारा तुमचा तुम्ही द्या. जमत नसेल तर ऑफिसात टेबल रिकामं आहे."

हे घरी येऊन जेवायला बसले. भाकर मोडली, पण खाल्ली नाही. हा माणूस माणसांशी जेवढं बोले त्याच्या चौपट गाईशी बोले. त्याला टेबलाशी बांधायचं म्हणजे बैलाला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडणं. मला साहेबांचा राग आला आणि तो आजही गेलेला नाही.

"दिवे लावू," ते शेवटी म्हणाले. "ट्रकले असते तसे. मंग कोनाचा हात नाई लागत."

कोणाचा म्हणजे माझा. मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माझं माहेर अकोल्याला, जठारपेठेत. तिथे जवळच एक बॅटरीवाला होता, ट्रकची विजेची कामं करणारा. माहेरी गेले तेव्हा त्याच्याकडून पिवळ्या काचेचे दोन जुने दिवे आणले. त्याने वर बल्बही दिले, पण ते ट्रकचे. आमच्या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, ट्रकची बारा. लावून पाहिले तर विझत्या काडीसारखे मिणमिणले. मग सहाचे बल्ब मिळेपर्यंत थांबलो. आपोआप उघडझाप करणारी डबी मुंबईहून मागवावी लागेल असं तो म्हणाला. यांनी सांगितलं, डबी नको, अंगठा आहे. घराच्या दारावर घंटीचं बटण असतं ना, तसली काळी दोन बटणं आणली. दाबलं की लागेल, सोडलं की विझेल.

रविवारी अंगणात गाडी उभी केली. यांना खांद्यामुळे वाकून, हात वर करून काम जमेना. ते बाजेवर बसले आणि मी जमिनीवर. "हे खोल. ते नको, ते." हँडलवरचा जुना खटका उघडला तशी आतली स्प्रिंग टुणकन उडाली ती तुळशीत जाऊन पडली, ती शोधण्यात सकाळ गेली. आतल्या तारांवरचं सुती वेष्टण तेलाने आणि धुळीने सगळं एकजात काळं झालेलं. कुठली तार कशाची, काही पत्ता लागेना. हे वैतागले. मी घरातून भरतकामाचे दोरे आणले. ते हॉर्न दाबत, दिवा लावत, मी तार हलवून पाहत होते आणि सापडली की तिला दोरा बांधत होते. पिवळा हॉर्नचा, पांढरा मोठ्या दिव्याचा. नव्या तारांपैकी उजवीकडच्या तारेला लाल, डावीकडच्या तारेला हिरवा. माझी गाठ दुहेरी, आईने शिकवलेली, ओढली की आणखी घट्ट होणारी. बटणं पत्र्याच्या पट्टीवर बसवून डाव्या मुठीशी आवळली. तारा टाकीखालून, सीटखालून मागे नेल्या आणि सांध्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली.

यांनी अंगठ्याने बटण दाबलं आणि मागे पिवळा दिवा लागला. मी टाळ्या पिटल्या. आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी पेटवलं होतं, चुलीशिवाय. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की माझ्या हाताची नोकरी मी माझ्याच हाताने घालवली होती.

साहेबांनी दिवे पाहिले, मान डोलावली. हे एकटे दौऱ्यावर जाऊ लागले.

पहिल्या आठवड्यातच काय झालं ते यांनी जेवताना सांगितलं, तेही मी चारदा विचारल्यावर. चांदूर बाजारच्या रस्त्यावर एक विहीर आहे. तिथून डावीकडे वळायचं म्हणून यांनी लांबूनच बटण दाबायला सुरुवात केली. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. मागून डोक्यावर गवताचे भारे घेऊन बाया येत होत्या. त्यातली एक पुढे होऊन मोठ्याने म्हणाली, "बाप्पा! डाक्तर, तुमची फटफटी आमाले डोळा मारून राहिली!" आणि दुसरी म्हणाली, "बाईले घरी ठेवलं, अन् हे धंदे सुरू केले काय?"

भारे खाली टाकून हसल्या म्हणे. मीही एवढी हसले की घास घशात अडकला. हे मात्र कानापर्यंत लाल. "तुले हसू येऊन राहिलं," म्हणाले, "मी आता त्या विहिरीवरून कसा जाऊ?"

पण जात राहिले. लोक सरावले. मी घरी गहू निवडत होते, पापड वाळवत होते, आणि दुपारी रस्त्यावरून कुठलीही फटफटी गेली की उठून खिडकीशी जात होते. मला फार वाईट वाटत असे, हे सरळच सांगते. नवऱ्याची नोकरी टिकली म्हणून बरंही वाटे. दोन्ही एकदम वाटू शकतं.

कापूस निघायच्या दिवसांत एका सकाळी हे बूट घालता घालता म्हणाले, "दिवे बिघडले वाटते. आज नांदगावले जायचं हाय. येतं का तू?"

"काहून बिघडले?" मी म्हटलं. "थांबा, मी पायतो."

"राहू दे ना, उशीर होते."

पण मी बसलेच खाली. माझं काम होतं ते, बिघडलं म्हणजे काय? सीटखाली हात घालून लाल दोऱ्याची तार चाचपली. ती बॅटरीपासून सुटलेली होती. हिरवीही. दोन्ही टोकं नीट मागे दुमडून, त्यांवर काळी चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली, कुठे ठिणगी पडू नये म्हणून. माझ्या दुहेरी गाठीही सोडवून पुन्हा बांधल्या होत्या, एकेरी, ढिल्या, दुखऱ्या हाताने बांधाव्यात तशा. तुटलेली तार काही स्वतःला चिकटपट्टी गुंडाळून घेत नाही.

मी वर पाहिलं. हे गाडीच्या आरशात स्वतःची मिशी फार लक्षपूर्वक पाहत होते.

"बिघडले खरंच," मी म्हटलं. "अन् साहेब काय म्हनतीन?"

"वरात म्हनतीन." त्यांनी किक मारली. पहिल्या किकेला ती गाडी कधीच सुरू व्हायची नाही, त्या दिवशी झाली. "म्हनू दे. वरातच हाय."

मी पदर खोचला आणि मागे बसले. नांदगावच्या वाटेवर पहिलं वळण उजवीकडे होतं. मी ते यायच्या कितीतरी आधीच हात बाहेर काढला.