शाळेच्या कपाटातली काठवट

आमच्या लेकीच्या शाळेत, केंब्रिजमध्ये, ऑफिसच्या बाहेर एक काचेचं कपाट आहे. त्यात मुलांनी जिंकलेले कप, एक जुनी पितळी घंटा आणि मधल्या फळीवर, अगदी परवापर्यंत, एक लांबट खोलगट लाकडी भांडं होतं. शेजारच्या कार्डावर एवढंच लिहिलेलं: 'लाकडी भांडं, ऑस्ट्रेलिया'. मी नागपूरची. पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, अगं बाई, ही तर काठवट. भाकरीचं पीठ मळायची असते तशीच, फक्त जरा लांबोडकी. तेव्हापासून लेकीला आणायला गेले की मी त्या काठवटीकडे एक नजर टाकूनच पुढे जायची. परक्या मुलखात ओळखीचं काही दिसलं की माणूस थोडा लोचट होतोच.

पुढे मी शाळेची पेरेंट गव्हर्नर झाले, म्हणजे शाळेचा कारभार पाहणाऱ्या मंडळात पालकांची प्रतिनिधी. गेल्या ऑटममध्ये हेडबाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळच्या रहिवाशांच्या, समाजातल्या एक ज्येष्ठ बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ इंग्लंडात आले आहेत. फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांच्या अस्थी इकडे आणून एका संग्रहालयात ठेवल्या होत्या. त्या घेऊन ही दोघं आठवड्याच्या शेवटी घरी निघणार होती. हेडबाईंनी त्यांना आपल्या भांड्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, आमच्याकडच्या बायकांचंच वाटतंय, येऊन बघतो.

म्हणजे प्रश्न उभा राहिला. त्यांचं निघालं तर द्यायचं की नाही?

आमचे चेअरमन रिटायर्ड इंजिनियर. थोरल्या नातीला शाळेत सोडायला रोज येतात, सोबत धाकट्या नातवाची प्रॅम असते. माणूस सज्जन, पण गोष्टी जागच्या जागी असलेल्या आवडणारा. ते म्हणाले, "इथे ते नीट जपलंय. मुलं रोज बघतात. तिथे नेऊन काय होणार?" दोघांतिघांनी माना डोलावल्या. पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी मतं घ्यायची, असं ठरलं. त्या ज्येष्ठ बाईंना ते भांडं अस्थींबरोबर घरी नेता येणार की नाही, हे आमच्या त्या मतांवर होतं.

स्वागताचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे मीच ओढून घेतलं. इथल्या आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम मी करते आणि सत्कार हा माझा हातखंडा विषय. आपला सत्कार कसा असतो ठाऊक आहे ना? प्रास्ताविक, परिचय, मुलींचं स्वागतगीत, दोन मान्यवरांची भाषणं, शाल, श्रीफळ आणि सगळे घड्याळाकडे बघायला लागले की सत्कारमूर्तींना दोन शब्द. मी तसाच आराखडा केला. नागपुरी टसरची एक कोरी शाल कपाटात पडून होती, ती काढली.

नवरा म्हणाला, "ज्यांना बोलावलंय त्यांना बोलायला कधी मिळणार?"

"शेवटी मिळतंच की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा निरोप आला. कार्यक्रम नको. बाहेर एखादं झाड असेल तर मुलांबरोबर त्याखाली बसू. मला रागच आला. पाहुणे बोलवायचे आणि नुसतं बसायचं? लेकीला मात्र आनंद झाला. "आई, दॅट्स सो नाइस. म्हणजे तुझी स्पीच नाही होणार ना?" तिच्या मराठीत व्याकरण कमी असतं, पण मुद्दा पोचतो.

त्या ज्येष्ठ बाई आल्या तेव्हा गार वारं सुटलं होतं. ठेंगण्या, सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावर लोकरी टोपी, पायात जाड बूट. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणतात, तुम्हीही म्हणा, असं भावानं सांगितलं. इथल्या शिक्षकांना ते जरा जड गेलं. आमच्या लेकीनं तर जन्मापासून अर्ध्या केंब्रिजला आंटी म्हटलंय.

मैदानातल्या चेस्टनटच्या झाडाखाली आंटी खुर्चीवर बसल्या, मुलं गवतावर, आम्ही गव्हर्नर मागे. चेअरमन प्रॅमसकट आले होते. आंटी म्हणाल्या, "आधी ऐकू या," आणि गप्प झाल्या. मला वाटलं, क्षणभराचं असेल. पण त्या गप्पच. हेडबाई हातरुमाल चाळवत होत्या. माझ्या जिभेवर तर प्रास्ताविक अख्खं तयार होतं. शांतता पसरली की ती मोडणं हे मंडळात माझंच काम असतं. मुलं आधी खुदखुदली, मग चुळबुळली आणि मग खरोखरच स्थिर झाली. पहिल्यांदा माझ्या डोक्यातलं माइकचं खरखरणं थांबलं.

मग त्यांनी विचारलं, "काय काय ऐकलंत?"

कबुतर. लांबची रेल्वे. किचनमधल्या ट्रॉलीचं चाक. एकाला स्वतःचं पोट ऐकू आलं होतं. आमची लेक म्हणाली, "प्रॅममधलं बाळ अंगठा चोखतंय." आंटींनी वळून प्रॅमकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि हसल्या. प्रत्येक मुलाचं त्या पूर्ण ऐकून घेत होत्या, मान पुढे करून, जणू त्याच शिकायला आल्या होत्या. सत्कार घ्यायला आलेल्या माणसाला असा सत्कार करताना मी कधी पाहिलं नव्हतं. भारावून गेले मी.

मग हेडबाईंनी ते भांडं आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. आंटींनी काठावर कोरलेल्या रेषांवरून सावकाश बोटं फिरवली. भावाशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. त्यानं मान हलवली.

"आमचंच," त्या म्हणाल्या. "यात आम्ही बिया गोळा करतो, पाणी आणतो आणि बाळ ठेवतो. माझी आई अशाच एकात वाढली. तिच्या वेळचं आता आमच्याकडे एकही उरलेलं नाही." मग आतून तळवा फिरवत म्हणाल्या, "फार दिवस रिकामं आहे हे."

एवढंच. मागितलं नाही, गाऱ्हाणं मांडलं नाही. मला मात्र एक सूप आठवलं. लेकीच्या पाचवीला तिला सुपात ठेवायचं म्हणून माझ्या आईनं नागपूरहून बॅगेत घालून सूप आणलं होतं. मी इतकी वर्षं मनातल्या मनात ज्यात पीठ मळत होते, तो एक पाळणा होता. शाल त्या दिवशी पिशवीतच राहिली, ती काढायची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मतं घ्यायला बसलो. चेअरमनच आधी बोलले. "मी नातवाची प्रॅम रोज ढकलतो," ते म्हणाले. "तो अंगठा चोखतो त्याला आवाज असतो, हे मला काल कळलं." मग त्यांनी हात वर केला. मागोमाग आमचे सगळ्यांचे वर गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा एका सभेत एकही वाक्य न बोलता घरी आले. नवऱ्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

पाहुणे निघायच्या सकाळी भांडं द्यायला आम्ही कपाटापाशी जमलो, आंटी आणि त्यांचा भाऊ, हेडबाई, आणि चेअरमन नेहमीसारखे प्रॅमसकट. हेडबाईंनी ते बाहेर काढलं, आणि मला राहवेना. "असं रिकामं कसं द्यायचं?" मी म्हटलं. "आमच्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही. निदान चिमूटभर साखर घालतात."

हेडबाई घाबरल्या. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर खाण्याच्या जिनसांची फार कडक तपासणी असते, साखरेवरून पंचाईत व्हायची. तेव्हा मी आधीच करायला हवं होतं ते केलं, आंटींना विचारलं. "तुमच्याकडे काय घालतात?"

आंटींनी हसून प्रॅमकडे बोट दाखवलं.

चेअरमन थबकले. एकदा भांड्याकडे, एकदा आंटींकडे पाहिलं. मग वाकून त्यांनी नातवाचे पट्टे सोडले. मी घाईघाईनं पिशवीतली शाल काढून भांड्यात अंथरली आणि त्यांनी बाळाला तिच्यावर ठेवलं. तो बरोब्बर मावला. पाय हलवले, वर सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि अंगठा तोंडात घातला. चुक् चुक् आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

थोड्या वेळानं चेअरमननी त्याला उचलून घेतलं. शालीत त्याच्या अंगाचा खळगा उमटला होता, त्यात हात ठेवला तर ऊब लागत होती. मी शाल नीट करायला पुढे झाले. आंटींनी माझा हात हलकेच बाजूला केला, शालीची टोकं त्या खळग्यावर दुमडली आणि ते भांडं तसंच कडेवर घेऊन टॅक्सीकडे चालू लागल्या.