परातीतलं माहेर

उचगावात लग्नाला गेलेल्या बायका आधी जेवणाच्या पंक्तीकडं वळत नाहीत, रुखवताच्या टेबलाकडं वळतात. विकतचं किती, घरचं किती, याचा निकाल तिथं उभ्या उभ्या लागतो. गेली काही वर्षं त्या टेबलावर एकच गोष्ट बघायला गर्दी व्हायची. परातीत मांडलेलं नवरीचं स्वतःचं घर. भिंती शेवयांच्या, कौलं मसूरडाळीची, पायऱ्या शंकरपाळ्यांच्या. घरही कुठलंतरी नव्हे. उंबऱ्याचा कोपरा उडालेला असेल तर परातीतही उडालेला. नवरी ते बघून रडायची, आणि जिचं नवरीशी काही नातं नाही तीही पदर डोळ्याला लावायची.

ही परात माधवी पावशे करायची. ती स्वतः मात्र त्या टेबलाजवळ कधी दिसायची नाही.

तिचा नवरा नागोजी टेम्पो चालवायचा. पाच वर्षांपूर्वी साधा ताप म्हणून झोपला आणि आठ दिवसांत गेला. माधवी तेव्हा छत्तीसची होती. मूलबाळ नव्हतं. ती काजूच्या कारखान्यात निवडायला जायची, अख्खा काजू एकीकडं, पाकळी एकीकडं. संध्याकाळ खायला उठायची. म्हणून पुतणीच्या लग्नात तिनं हौसेनं पहिली परात केली. धाकटी जाऊ सौम्यानं तिचे फोटो चार जणींना पाठवले, त्यांनी चाळीस जणींना, आणि मागण्या यायला लागल्या.

परातीत घर उतरायचं तर ते घर कळायला हवं. अंगणात काय आहे, सकाळी आधी कोण उठतं, रुसल्यावर तू कुठं जाऊन बसायचीस, असले प्रश्न माधवी कागदावर लिहून द्यायची. सौम्या तो कागद घेऊन नवरीकडं जायची, उत्तरं घेऊन यायची. झालेली परात न्यायची, मांडायची तीही सौम्याच. विधवेनं लग्नाच्या ताटाला हात लावू नये असं त्या घरात कुणी तोंडानं म्हणालं नव्हतं, नुसती तशी सोय लावून ठेवली होती. खरं तर शेवयाच्या काडीकाडीला माधवीचाच हात लागलेला असायचा. पण न दिसणारा हात लोकांना चालतो. आमची आक्का करते हे, असं सौम्या सांगायची, तर लोकांना तो तिचा मोठेपणा वाटायचा.

मग हा धंदा रीतसर करायचं सौम्याच्याच मनात आलं. नोंदणी केली की बेळगावच्या मोठ्या हॉलवाल्यांची कामं मिळतील, पावती देता येईल. माधवी म्हणाली, तुझ्या नावावर कर. सौम्यानं ऐकलं नाही.

"हात तुमचे हायत आक्का, तर नाव बी तुमचंच पायजे."

तेवढ्या एका वाक्यानं माधवी हलली. तिनं काजूचं काम सोडलं. गावातच ऑनलाईनचं दुकान चालवणाऱ्या गुंडूनं उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी करून दिली, पंचायतीचं लायसन आलं, आणि घराच्या सोप्यावर कन्नड-मराठी पाटी लागली. माधवी रुखवत केंद्र. पाटी पुसायच्या निमित्तानं ती दिवसातून दोनदा बाहेर यायची, असं शेजारणी चेष्टेनं म्हणायच्या. ते खोटंही नव्हतं.

आता नवरी मुलींना भेटायला ती स्वतः जाऊ लागली, आणि परात बदलली. कागदावरच्या प्रश्नाला मुली कागदी उत्तर द्यायच्या. समोर बसलेल्या माधवीला त्या भलतंच सांगून जायच्या. टिळकवाडीच्या एका मुलीनं तासभर गप्पा मारून शेवटी दाराशी सांगितलं, की वडील कामावरून आले की चप्पल काढायच्या आवाजावरून त्यांचा राग कळायचा. माधवीनं उंबऱ्याबाहेर चिंचोक्याच्या दोन चपला ठेवल्या, एक सरळ, एक उलटी. लग्नात त्या वडिलांनी उलटी चप्पल बोटानं सरळ करून ठेवली म्हणे. नागोजी गेल्यापासून पहिल्यांदाच माधवीला सकाळ व्हायची वाट बघावीशी वाटत होती.

सहा महिने असे गेले. मग निपाणीचं लग्न आलं.

नवरी प्रियदर्शनी, पुण्यात नोकरी करणारी. तिनं स्वतः फोन करून माधवीला बोलावलं, दुपारभर घर दाखवलं. माधवीनं ते सगळं उतरवलं. मागचं तंबाखूचं कोठार, हौद, आजोबांची बाज आणि बाजेखाली झोपणारी मांजरी. लग्नादिवशी दोघी जावा पहाटेच हॉलवर पोचल्या. प्रियदर्शनी हळदीच्या अंगानं धावत आली, परात बघितली आणि माधवीच्या गळ्यातच पडली. आईला म्हणाली, आधी यांची ओटी भर, मग बाकीचं.

आई ताट घेऊन आली. नारळ, खण, तांदूळ. बायका भोवती उभ्या होत्या, मुलगी हसत होती, सगळं इतकं आनंदात चाललं होतं की माधवी क्षणभर विसरली. तिनं पदर पुढं केला.

नवरीची आत्या गुणाबाई शेजारीच होती. तिनं माधवीचं कपाळ बघितलं, गळा बघितला आणि वहिनीच्या हातातलं ताट अलगद धरलं. बाई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर भांडता आलं असतं.

"तुमच्या हाताला मी नाव ठेवत न्हाय, बाई," ती हळूच म्हणाली. "पण पोरगी आमची आज निघालीया. समजून घ्या."

ताट सौम्याकडं वळलं. सौम्याचे हात उठेनात. एवढ्या लोकांत नको म्हणणं म्हणजे आक्काची आणखी शोभा, म्हणून तिनं शेवटी पदर धरला आणि ओटी घेतली. प्रियदर्शनी काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात तिला मुहूर्ताला नेलं. पैसे मात्र पुरे मिळाले, माधवीच्याच नावावर, त्याच मिनिटाला. बसमध्ये सौम्या निपाणी ते बेळगाव रडत आली. माधवी रडली नाही. गुणाबाईचं तिला फारसं लागलंही नव्हतं. आपण पदर पुढं केला, याची लाज तिला जाळत होती.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण निंदा करायला तोच परमेश्वर रिकामा सापडतो. आठवड्यात प्रियदर्शनीच्या मंगळसूत्राची कडी तुटली. सोनारानं ती दहा मिनिटांत जोडून दिली, पण लोकांच्या तोंडाला सोनार कुठून आणायचा? काकतीचं काम गेलं, मग शहापूरचं, मग खानापूरची दोन. सगळे गोड बोलून नाही म्हणाले. एकीनं तर स्पष्टच सुचवलं, की करा तुम्हीच, पण पाटीवर नि दारात धाकट्या वहिनी असू देत. काजूच्या कारखान्यातली जागा केव्हाच भरली होती. तीन महिने परात कोरडी पडून राहिली.

शेवटी माधवीनंच विषय काढला. सौम्या दोन दिवस जेवली नाही. नाव तुमचंच राहणार, म्हणून अडून बसली. माधवी तिच्याशेजारी भुईवर बसली.

"नाव राहिलं तर काम जातंय गं," ती म्हणाली. "मला काम पायजे. ते बी नसलं तर मी दिवसभर काय करू, सांग."

सौम्या उठली आणि नोंदणीचे कागद काढून घेऊन आली. माधवीचं जे जाणार होतं ते नुसतं नाव नव्हतं. त्या मुलींसमोर बसणं जाणार होतं. पुन्हा कागद, पुन्हा कागदी उत्तरं. ते दोघींनाही कळत होतं.

सोमवारी दोघी गुंडूच्या दुकानात गेल्या. जुनी नोंदणी बंद करून नवी करायची होती. गुंडू भला माणूस, त्यानं का म्हणून विचारलं नाही, नुसता एकेक रकाना वाचत गेला. मालकाचं नाव? सौम्यानं खाली बघत स्वतःचं सांगितलं. पत्ता? तोच. धंदा? तोच.

"कामगार किती?"

गुंडूनं पुन्हा विचारलं. मग मागच्या बाकावरून माधवी म्हणाली, "एक लिवा."

त्यानं लिहिलं. माधवी उठून टेबलाशी आली.

"नाव सांगू का?"

"नाव लागत न्हाय, वैनी," गुंडू म्हणाला. "नुस्ता आकडा लागतोय."